गिरजाबाईंच्या प्याऊवर

गिरजाबाई पौनीकर हे नाव मी सर्वांत आधी लिहिते. मला शाळेत घातलं वडिलांनी, शिकवलं सावनेरच्या गुरुजींनी. पण आज मी हे लिहायला बसले आहे ते माझ्या समजुतीप्रमाणे गिरजाबाईंमुळे. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांना देव पुष्कळ आणि मला एकही नाही, कारण आम्ही बौद्ध. त्यामुळे हा अनुभव लिहिताना माझी जरा अडचणच होते. इतरांच्या अनुभवात देव धावून येतो. आमच्याकडे धावून येणारं कोणी मानलेलं नाही, आणि मीही तसं काही सिद्ध करायला बसलेली नाही. घडलं ते तसंच सांगते.

एक्केचाळिसाव्या वर्षी माझा डावा स्तन कॅन्सरमुळे काढावा लागला. सरकारी दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की ही गाठ बाईच्या अंगातल्या रसावर पोसते, आणि तो रस अंडाशयात तयार होतो. म्हणून दुसऱ्या ऑपरेशनात दोन्ही अंडाशय काढले. डॉक्टर म्हणाले, "पाळी एकदम बंद होईल. थोडं गरम वाटेल. आम्हाला विचारल्याशिवाय कुठलंही औषध घेऊ नका." थोडं गरम! नागपूरचा मे महिना जन्मभर काढलेली बाई मी. मला वाटलं, गरमीचं काय एवढं. पण ही गरमी बाहेरून येतच नव्हती. पोटातून कोणी स्टोव्हला पंप मारावा तशी ती उठायची, छाती, मान, कान, डोकं पेटवत जायची, आणि दोन मिनिटांत मी परकरापर्यंत ओली. मग लगेच हुडहुडी. दिवसातून दहा वेळा, पंधरा वेळा. सातवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवताना घामानं खडू भिजायचा आणि फळ्यावर उमटेनासा व्हायचा. झोप तर नावालाही राहिली नाही. "पंखा वाढवा," असं मी चिडून म्हटलं की हे म्हणायचे, "अवं, पंख्याले पाचच नंबर हायेत. सहावा कुठून आणू?" बिचाऱ्यांचं काही चुकत नव्हतं. पण त्या दिवसांत मला न चुकणाऱ्या माणसांचाच जास्त राग यायचा.

उपाय सांगणाऱ्यांची कमी नव्हती. कुणी सब्जा भिजवून दिला, कुणी गुलकंद. एकीनं ब्लाउजमध्ये कांदा ठेवायला सांगितला, तोही मी ठेवला. वर्गभर वास सुटला. सासूबाई म्हणायच्या, "आमची बी पाळी गेली, आमाले नाही बा असं झालं." खरं कारण घरात फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांना मी पिशवीचं ऑपरेशन झालं असं सांगितलं होतं.

हे मी का लपवलं, ते कबूल केलं पाहिजे. कॅन्सर म्हटला की लोक पेला वेगळा ठेवायचे, ते एक कारण. पण मोठं कारण वेगळं होतं. आमच्या घराण्यातली मी पहिली मॅट्रिक आणि पहिली बी.ए. माझ्याकडे बोट दाखवून वस्तीतले बाप आपल्या मुलींना शाळेत पाठवत. अशा बाईला काही झालेलं असू नये, तिचं काही उणं दिसू नये, असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं. पावसाळ्यातल्या वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं, आणि पदवी असल्यामुळे वाचन माझ्याकडे असे. पौर्णिमेला सगळ्याजणी पांढऱ्या साड्या नेसतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्याच आषाढी पौर्णिमेला मी वाचत असताना ती आग उठली. पांढरं लुगडं अंगाला चिकटलं, ब्लाउजमध्ये शिवून घातलेली कापसाची गादी ओली होऊन सरकली, आणि पुढे बसलेल्या बायकांच्या नजरा खाली गेल्या. मी पान अर्धवट टाकून उठले ते पुन्हा विहारात गेले नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, शाळेत फार काम आहे. बुद्धाला, धम्माला, संघाला शरण जाण्याचं त्रिसरण मी लहानपणापासून म्हणत आले होते, पण त्या वर्षी मला वाटू लागलं की हे शब्द म्हणजे नुसता पाठ आहे.

पुढच्या उन्हाळ्यात मी अगदी हरले. नागपुरातच जरीपटक्याच्या बाजारात एक लेडी डॉक्टर बसत. त्यांच्याकडे गेले. त्यांनी विचारलं, "कसलं ऑपरेशन झालं?" मी म्हटलं, "पिशवीचं." त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, आणि चिठ्ठी लिहिताना पेन थांबवून विचारलं, "छातीत कधी गाठ वगैरे?" मी म्हटलं, "नाही." त्या बाईंचा काडीचा दोष नाही. त्यांनी विचारलं होतं, आणि मी पदर नीट ओढून खोटं बोलले होते. मोठ्या डॉक्टरांची ताकीद मला स्वच्छ आठवत होती. पण एक रात्र तरी झोपावं, एक तास तरी कोरड्या कपड्यात शिकवावं, यासाठी मी काहीही गिळायला तयार होते.

दुकानातून गोळ्या घेऊन बाहेर पडले तेव्हा बारा वाजले होते. घरी जाईपर्यंतही धीर नव्हता. समोर कडुनिंबाखाली पाणपोई होती. आमच्याकडे तिला प्याऊ म्हणतात. तीन रांजण, ओलं गोणपाट, आणि पाणी ओतायला एक साठीची काटक म्हातारी. पेला चोरीला गेल्यामुळे ती लोट्यानं ओंजळीत पाणी ओतत होती. मी गोळी काढून जिभेवर ठेवणार, तोच आधी घसा ओला करावा म्हणून गोळी उजव्या अंगठ्याखाली दाबूनच ओंजळ पुढे केली. ऑपरेशनपासून माझा डावा हात सुजलेला असे. बोटं मिटत नसत. पाणी गळून गेलं.

"दोन्ही हात बराबर लाव वं बाई," म्हातारी म्हणाली, "अर्धं पानी रस्त्यालेच पाजून राहिली तू."

"हात दुखतो," मी म्हटलं.

तिनं लोटा खाली ठेवला आणि माझं मनगट धरून दाबून पाहिलं. "दुखत नाही, सुजला हाय. छातीचं झालं ना तुह्यं? बावीस वर्स आया होती मी त्या वार्डात. असा हात दुरूनच वळखू येते." भर बाजारात, मोठ्या आवाजात! वर्षभर नवऱ्याखेरीज कुणाला कळू न दिलेली गोष्ट रांगेतल्या रिक्षावाल्यांनी ऐकली. मग तिची नजर माझ्या उजव्या मुठीवर गेली. "काहाची गोळी हाय?"

"गरमीची."

"मोठ्या डॉक्टरले दाखवली?"

मागून एक रिक्षावाला ओरडला, "अवं माय, आधी पानी दे ना, पंचाईत मंग कर!"

"थांब गा. तू नाही मरून राहिला," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "गोळी पुडीत टाक. नाहीतर तुले पानी नाही भेटत."

पाणी नाही. हे शब्द माझ्या कानाला कसे लागले ते आमच्या लोकांनाच कळेल. माझ्या आईनं सावनेरला विहिरीपासून दूर उभं राहून, कुणी ओतेल तेव्हाच पाणी भरलं होतं. दीक्षा घेतली, शिकलो, पदवी मिळवली, ते हेच शब्द पुन्हा ऐकायला? वर्षभराचा सगळा वैताग एकदम बाहेर आला. मी शाळेत कधी ओरडले नसेन इतक्या जोरानं ओरडले, "जात पाहून पाणी देता का? हा प्याऊ तुमच्या बापाचा आहे?"

म्हातारीनं माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "जात नाही पाह्यली वं बाई," ती म्हणाली, "गोळी पाह्यली."

मी तिथेच कडुनिंबाच्या पाराशी बसले आणि रडले. ती जवळ आली नाही, समजूतही घातली नाही. रांग संपवली, मग भरलेला लोटाच माझ्या हातात दिला. मी गोळी पुडीत टाकली आणि पोटभर प्याले. ती म्हातारी म्हणजेच गिरजाबाई. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी सातले दवाखान्याच्या फाटकापाशी ये. मी येतो. पुडी संग आण. देवानंच तुले आज इकडे धाडलं." मी देव मानत नाही, हे सांगायचं बळही तेव्हा माझ्यात नव्हतं. त्या संध्याकाळी घरी काय झालं ते इथे लिहीत नाही. ते ज्यांना सांगायचं त्यांना मी पत्रात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी पुडी वाचली. मग म्हणाले, "जो रस बंद करायला आम्ही तुमची दोनदा चिरफाड केली, तोच या गोळीत भरलेला आहे." मी लेडी डॉक्टरांशी काय बोलले होते ते सगळं सांगितलं. इतकं खरं मी वर्षभरात एका दमात बोलले नव्हते. त्यांनी दुसरी गोळी दिली नाही. गरम चहा आणि झणझणीत सावजी रस्सा बंद, सुती कपडे, उशाशी ओला टॉवेल, तेल-मालिश न करता हाताला रोज हलका व्यायाम, आणि वाट पाहणं: ही गरमी वर्षा-दोन वर्षांत उतरू लागेल, म्हणाले. गिरजाबाईंनी त्यात एका ओल्या दुपट्ट्याची भर घातली. मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर तरी आग जरा कमी होईल. कसली होते! त्याच दिवशी रिक्षात दोनदा भिजले. कृपा झाली असेल तर ती घामासकट झाली.

त्या वर्षीच्या आषाढी पौर्णिमेला मी विहारात गेले. वाचनाआधी बायकांना सांगितलं की मला काय झालं होतं आणि मी काय सांगत आले. कुणी पेला वेगळा केला नाही. एक बाई तर म्हणाली, "तेच म्हनलं, पिशवी काढल्यावर हात कसा सुजते!" आता वाचताना आग उठली की मी थांबते, बायका पुठ्ठ्यानं वारा घालतात, आणि मी पुढचं वाक्य घेते. शरण जाणं म्हणजे आपण संपणं असं मला वाटायचं. आता वाटतं, आपला सुजलेला हात दुसऱ्याला धरू देणं, एवढंच ते असतं. आणि ते मला पदवीपेक्षा अवघड गेलं.

गिरजाबाई पुढे कामठीला मुलाकडे राहायला गेल्या. परवा त्यांना मी पत्र पाठवलं, ते असं:

"मावशी,

तुमची सून वाचून दाखवीन, म्हणून आपल्या बोलीतच लिहून राहिली. या खेपेलेबी डॉक्टरनं तपासलं, गाठ नाही म्हणते. गरमी हाय, पन मांगच्यापेक्षा कमी. आता दिवसाले तीन-चार खेपाच येते.

एक गोष्ट तुमाले सांगाची राह्यली. तुमी मले प्याऊवर अडवलं अन् तुमाले वाटलं काम झालं. नोतं झालं. संध्याकाळी घरी तशीच आग उठली, अन् मी गोळी काढून तोंडात टाकली. माठ भरलेला होता. नाही म्हणनारं कोनी नोतं. गिलास होटाले लावला, अन् मनात आलं का सकाळी सातले तुमी फाटकापाशी उभ्या राहान अन् विचारान, खाल्ली का? साऱ्याइशी मी खोटं बोलली होती, डॉक्टरशी बी. पन मले पानी नाही म्हनलं त्या बाईशी खोटं बोलनं जमलं नसतं. मंग गोळी मोरीत थुकली. लय कडू होती.

सकाळी मी साडेसहालेच आली होती, मावशी. म्हनलं, पाहू तर खरं, अनोळखी बाईसाठी कोनी येते का. तुमी माह्या आधीच येऊन उभ्या होत्या.

तुमची
मास्तरीन"