पाठ केलेली डोळ्यांची तपासणी

ते प्रकरण आठवले की आजही माझे डोके चालेनासे होते. निवृत्ती तोंडावर आली होती. वाळूजकडच्या आमच्या पोलीस ठाण्यात सकाळची हजेरी चालू असताना एका बाईचा फोन आला.

“साहेब, आमचे मालक कारखान्यात क्रेन चालवतात. त्यांना लाल-हिरवं कळत नाय. डोळ्याच्या तपासणीत आकडे पाठ करून पास झाले. त्या क्रेनखाली माझा भाऊ राबतोय. माझं नाव तेवढं घेऊ नका.”

नवऱ्याची खबर देणाऱ्या बायका मी पाहिल्या होत्या. त्या रागाने बोलत. ही रडत होती.

नवऱ्याला चौकशीला बोलावले. रंगीत ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायचे पुस्तक डॉक्टरांकडून आणवले होते. मी पान उलटायचा अवकाश, गड्याने धडाधड आकडे सांगितले. मी चक्रावलो. बाई खोटी की हा? मग पुस्तक मिटले आणि मधलेच पान उघडले. त्याने पहिल्या पानाचा आकडा सांगितला.

टेबलावर लाल आणि हिरवा असे दोन पेन ठेवून म्हणालो, “हिरवा दे.” त्याने पेनांकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहिले. तिथेच तो सापडला.

“गारखेड्यातल्या क्लासवाल्यानं पानांचे फोटो दिले,” तो म्हणाला. “पण साहेब, परीक्षेला मीच बसलो, पाठ मीच केलं. शाळेत सगळे पाठच करतात की! आन् आजवर माझ्या हातून कुणाला खरचटलं बी नाय.”

डमी बसवणारे, पेपर फोडणारे मी आत टाकले होते. हा त्यांच्यात बसेना, आणि याला सोडवतही नव्हते. क्लासवाल्यावर गुन्हा नोंदवला. याचा जबाब कारखान्याला कळवला आणि त्याला सांगितले, “आजपासून क्रेन बंद.”

दुपारी त्याचे कागद चालू असतानाच त्याची बायको डबा घेऊन ठाण्यात आली. आवाज मी लगेच ओळखला. तिने भाकरी वाढली. घास हातातच धरून तो म्हणाला, “ज्यानं ही चुगली केली त्याचं वाटोळं होईल बघ.”

तिने माझ्याकडे एकदा पाहिले. “व्हईल,” ती म्हणाली. “जेवा आधी.”

चोर ओळखायला मला नोकरीने शिकवले. त्या दुपारी मात्र मी कोणाच्या बाजूने होतो, हे मला अजून सांगता येत नाही. तिचा भाऊ धडधाकट आहे, एवढे खरे. तो त्या फोनमुळे, हे त्या घरात कोणी बोलून दाखवले असेल, असे मला वाटत नाही.