न विकलेली गोळी

मार्च २००९, गोळ्यांची रक्कम ब्याण्णव रुपये. औषधाच्या दुकानात दुकानदार, मी आणि माझी मुलगी. डॉक्टरांनी तिला पहिल्यांदाच लिहून दिलेल्या फिटच्या गोळ्या त्याने काढल्या आणि परत कपाटात ठेवल्या. गल्लीतल्या कोणत्या घराला कोणतं औषध सोसलं नाही, हे तो वहीत लिहून ठेवतो.

“अण्णा, ह्याच गोळीनं तुमच्या भनीचं अंग सोललं हुतं की! आदी पोरीची जनुक तपासणी करा.”

“तुमी डॉक्टर हायसा व्हय?”

“न्हाय. पर वही माझी हाय.”

त्यानेच डॉक्टरांना फोन लावला. रक्त मुंबईला गेलं, अहवालात धोका निघाला आणि औषध बदललं. मुलगी ठणठणीत आहे. असा माणूस आमच्या गल्लीत आहे, हे मी पाहुण्यांना आवर्जून सांगतो.

प्रयोगशाळेला साडेचार हजार दिले. नव्या गोळ्या शंभरच्या, त्याला मी एकशे दहा दिले. वरचे दहा त्याने परत केले.