दहाच्या भोंग्याचं दूध

त्याला सगळे पुढारी म्हणत. पुढारी होता तो फक्त तोंडाने. पोटापाण्याला पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात प्रेसवर होता, बावीस वर्षं. पत्रा सरकवायचा, हात बाहेर, वरून दणका, झाकण तयार. एवढंच काम.

सकाळी दहाला भोंगा व्हायचा, सगळ्या प्रेस थांबायच्या आणि प्रत्येकाला पेलाभर गरम दूध मिळायचं. कारखान्याची जुनी रीत. पंधरा मिनिटं माणसं भिंतीला टेकून दूध फुंकत उभी राहायची. पुढाऱ्याला त्याची लाज वाटे. "आपण काय तान्ही बाळं आहोत? दूध कसलं पाजताय, रोख द्या!" असं म्हणत त्याने सगळ्यांच्या सह्या गोळा केल्या आणि मॅनेजरसाहेबांपुढे ठेवल्या. साहेबांनी एका दिवसात मान्य केलं. अहो, एका दिवसात! साधा पंखा बदलायला सहा महिने लावणारा माणूस एवढ्या लगबगीने 'हो' का म्हणाला, हे विचारायची अक्कल गड्याला झाली नाही. लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं.

पहिल्या तारखेला दहा वाजले, भोंगा झालाच नाही. पुढारी तरातरा साहेबांकडे गेला.

"ती दुधाची सुट्टी होती," साहेब म्हणाले. "आता दूध नाही, मग सुट्टी कशाची?"

पहिले पंधरा दिवस झाकणं वाढली. मग अकरा वाजले की हात जड व्हायला लागले. वाकडी, फाटकी झाकणं टोपल्या भरभरून निघू लागली. शेजारच्या प्रेसवर पुढाऱ्याचा मेहुणा होता, बायकोचा पाठचा भाऊ, यानेच कामाला लावलेला. तो म्हणाला, "दाजी, एकाची दोन झाकणं दिसतात हो मला. जाऊन सांगा ना, दूध परत द्या म्हणावं."

"थुंकलेलं चाटू मी?" पुढारी खेकसला. "चार लोकांत नाक कापून घेऊ?"

खरं तर जायचं त्याच्याही मनात होतं. मेला तीनदा उठला आणि तीनदा परत बसला.

त्याच आठवड्यात साडेअकराला मेहुण्याचा हात दणक्याखाली राहिला. अंगठा आणि करंगळी तेवढी वाचली. घरी बायको एवढंच म्हणाली, "तुमच्या भरवशावर धाडला होता त्याला." त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

दोन महिन्यांनी दूध परत सुरू झालं. बोटांपायी नव्हे हो! वाया जाणारा पत्रा दुधाहून महाग पडत होता, म्हणून. प्रेस चालवणं मेहुण्याला आता जमणार नव्हतं. साहेबांनी त्याला दूध वाटायला ठेवलं.

दहाचा भोंगा झाला. मेहुणा एकेकाला पेला देत पुढाऱ्यापाशी आला. अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत पेला हलत होता, गरम दूध मनगटावर सांडत होतं. चांगला हात त्याने मुद्दाम पाठीमागे धरला होता. सगळे बघत होते.

"मला नको रे आज," पुढारी पुटपुटला.

"घ्या, दाजी. तान्ही बाळं ना आपण?"

पुढाऱ्याने पेला घेतला. रिकामा पेला परत हातात पडेपर्यंत मेहुणा समोरून हलला नाही. आजही हलत नाही.