तारकाका आणि मदतीचं बटण

"आपण जवळ नसताना चालेल, ते खरं काम," असं तारकाका उठता-बसता म्हणायचे. गाड्यांच्या विजेची कामं करता करता त्यांचा उभा जन्म तारांच्या जंजाळात गेला. गल्ली त्यांना याच नावाने हाक मारायची. बोटं काळी, चष्म्याला दोरी, आणि घाई करणाऱ्याची गय नाही.

एका सकाळी कपडे शिवणारी एक बाई नवऱ्याला घेऊन त्यांच्या दारात आली. नवरा गाडीतून डोंगरातल्या वस्त्यांवर औषधं पोचवायचा. दोन वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये त्याचा आवाज गेला होता. रस्ता वळणांचा, माणूस एकटा. गाडीत आरशाजवळ मदतीचं बटण होतं. ते दाबलं की, आणि अपघात झाला तर आपणहून, गाडी मदत केंद्राला फोन लावते, ठिकाण कळवते. पण त्या बटणाशेजारी आठवडाभर लाल दिवा जळत होता. नवऱ्याने त्यावर काळी चिकटपट्टी लावून विषय मिटवला. बाईची मात्र झोप उडाली.

तारकाकांनी ती पट्टी ओरबाडून काढली. "वा जावईबापू! दिव्याचं तोंड बांधलंत, आजार बरा झाला का?"

नवरा ओशाळून हसला.

"मोठ्या गॅरेजवाले म्हणतात, या बटणामागची अख्खी पेटी बदला," बाई म्हणाली.

"ते काय, उशी फाटली तर घर बदला म्हणतील! आतला एवढासा सेल म्हातारा झालाय, पोरी. अपघातात मोठी बॅटरी तुटली, तर त्याच्याच जिवावर फोन लागतो."

त्यांनी मोठ्या बॅटरीची तार सोडली आणि उरलीसुरली वीज उतरावी म्हणून दहा मिनिटं गाडीला हात लावला नाही. मग समोरचा कप्पा उतरवून डोकं आत घातलं. नवा सेल बसला, तार जोडली, दिवा हिरवा झाला. बाईने हात जोडले.

"थांब, अजून बघितलं कुठंय?"

मदत केंद्राला चाचणीचं कळवून त्यांनी मोठ्या बॅटरीची तार पुन्हा सोडली. सेल एकट्याच्या जिवावर फोन लावतो का, ते बघायची ही त्यांची रीत होती. बटण दाबलं. काहीच नाही.

काकांनी सेलचं रिकामं खोकं उचललं, त्यावरची तारीख वाचली आणि जीभ चावली. "माझीच चूक. फडताळात वर्षानुवर्षं पडलेला सेल बसवला. कोऱ्या खोक्याला भुललो." दुसऱ्या कुणी हे पोटात ठेवून हिरव्या दिव्यावर गाडी काढून दिली असती. काका भर उन्हात बाजारात जाऊन ताजा सेल घेऊन आले.

या वेळी बटण त्यांनी नवऱ्याला दाबायला लावलं.

"नमस्कार, मदत केंद्र. बोला," आरशाजवळून एका मुलीचा आवाज आला.

नवऱ्याचे ओठ हलले. चेहरा उतरला. काकांनी बोट हवेत ठोकून खूण केली. त्याने छतावर दोनदा टकटक केलं.

"टकटक ऐकू आली. तुमची जागा मला दिसते आहे. बोलता आलं नाही तरी मी माणसं पाठवीन."

बाईला भरून आलं. नवरा मान खाली घालून कितीतरी वेळ स्टेअरिंगवरून हात फिरवत राहिला.

काकांनी मोठी बॅटरी घट्ट जोडली.

"काका, हे उपकार कसे विसरू?"

"उपकार कसले? सकाळभर ताटकळत ठेवलं तुला. चार शिव्या घाल!"

बाद झालेले दोन्ही सेल डब्यात घालून, ते जुने सेल घेणाऱ्या दुकानात जमा करायला काका पायीच निघाले. नवरा गाडीतून उतरून बायकोशेजारी उभा राहिला. ती पाठमोरी, किंचित वाकलेली आकृती वळणाआड होईपर्यंत दोघं बघत राहिले.