आधी आपला आकडा

कॉम्प्युटरवर टॉवरचं गणित सुरू व्हायच्या आधी गजभिये सर शर्टाच्या खिशातून एक कोरी चिठ्ठी काढत. तिच्यावर पेन्सिलीने एकच आकडा लिहीत, चार घड्या घालून ती परत खिशात ठेवत आणि मग म्हणत, "हं, चालू दे आता तुह्या डब्याले." मोबाईल टॉवरचा एखादा लोखंडी अँगल वादळी वाऱ्यात आपली किती टक्के ताकद वापरेल, याचा तो त्यांचा अंदाज असे. कॉम्प्युटरचं उत्तर आलं की चिठ्ठी उघडायची. दोन आकड्यांत दहापेक्षा जास्त फरक निघाला, तर तो कुठून आला हे सापडेपर्यंत कोणी घरी जायचं नाही, असा ऑफिसचा अलिखित नियम होता. त्या नियमापायी माझी पांढुर्ण्याची संध्याकाळची बस किती वेळा चुकली, ते मोजणं मी सोडून दिलं होतं.

ऑफिस सौंसरला, बियाण्यांच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. टॉवरचं डिझाइन तिथे व्हायचं आणि अँगल कापून, भोकं पाडून तयार व्हायचे बोरगावच्या कारखान्यात. सरांची सुरुवात त्या कारखान्यातच झाली, ड्रॉइंग काढण्यापासून. शिक्षण डिप्लोमापर्यंतचं. मी नागपूरची डिग्री घेऊन आले होते, आणि ती डिग्री माझ्या बोलण्यातून बरीच डोकावत असे. "सर, कॉम्प्युटर गणितात चुकत नाही," मी पहिल्याच आठवड्यात त्यांना ऐकवलं.

"नाईच चुकत," सर म्हणाले. "पन त्याले वारा लागत नाई ना, पोरी."

खुशीत असले की मी 'पोरी' असे आणि रागावले की 'म्याडम'. दिवसातून दोन-तीनदा तरी मी म्याडम होत असे.

मग जुन्या टॉवरांवर नवे अँटेना चढवायची कामं येऊ लागली. आमचं सॉफ्टवेअर त्याला पुरेना. ऑफिसचे मालक असलेल्या सेठजींनी दोन नवी सॉफ्टवेअर महिनाभर वापरून बघायला आणली आणि त्यातलं एक निवडून द्या म्हणाले. माझं मन पहिल्यावर जडलं. टॉवर पडद्यावर गोल फिरायचा, सुरक्षित अँगल हिरवे दिसायचे, धोक्याचे लाल. सरांनी चष्मा कपाळावर चढवून ते सगळं पाहिलं.

"रंगावर नको भाळू. आपल्या इथं हिरवं संत्रं बी गोड निंगते अन् पिवळं बी आंबट निंगते. दोघाईले मोहगावचा टॉवर दे सोडवाले. मंग पाहू."

मोहगावचा टॉवर सरांचा स्वतःचा. फार वर्षांपूर्वी त्यांनी हाताने गणित करून उभा केलेला, अंगणवाडीच्या अगदी मागे. त्याच्या नावाने सरांचा आवाज जरा बदलायचा. नवे अँटेना धरून त्यांनी चिठ्ठीवर आकडा लिहिला आणि ती माझ्यासमोर टेबलावर ठेवून ते बोरगावला निघून गेले. मला राहवलं नाही. मी चिठ्ठी उघडून पाहिली. टॉवरच्या कमरेपाशी, म्हणजे तो निमुळता होत येऊन जिथे सरळ होतो तिथे, तिरप्या अँगलला त्र्याऐंशी.

पहिल्या सॉफ्टवेअरने पंच्याऐंशी दिले. दुसऱ्याने एकशे एकतीस, भडक लाल.

टॉवरच्या बाजूंना फुलीसारखे तिरपे अँगल असतात. वाऱ्यात फुलीतला एक ताणला जातो, दुसरा दाबला जातो, आणि ताणलेला दाबलेल्याला मधोमध धरून ठेवतो. दुसऱ्या सॉफ्टवेअरचं म्हणणं होतं की कमरेपाशी असा आधार मिळतच नाही. मला वाटलं, हे सॉफ्टवेअर उगाच कडक आहे. खरं तर मला तसंच वाटून घ्यायचं होतं, म्हणून वाटलं. सरांचा टॉवर लाल, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होते? मी त्या एका फुलीपुरता 'मध्ये आधार आहे' असा पर्याय हाताने भरला. आकडा आला चौऱ्याऐंशी. सगळा टॉवर हिरवागार. ती लबाडी आहे असं मला तेव्हा वाटलंसुद्धा नाही.

सर परत आले. तिन्ही आकडे जुळलेले पाहून मला वाटलं, आता चहा सांगतील. त्यांनी प्रिंट मागितली. उत्तरांची नाही, आपण कॉम्प्युटरला काय काय सांगितलं त्याची.

"उत्तर सारेच वाचतात. मी सवाल वाचतो," म्हणाले, आणि फूटपट्टी ओळीखाली सरकवत बसले. तासाभराने पट्टी थांबली. "बाकी साऱ्या फुल्या त्यानं आपल्या मनानं धरल्या. हे एकच हातानं कोनी भरली, म्याडम?"

मी सांगितलं. का भरली, तेही सांगितलं. सरांनी कोरा कागद ओढला आणि दोन पानं गणित केलं. शेवटी पेन्सिल खाली ठेवली.

"लाल खरं हाये," ते म्हणाले. "इथं दोनी अँगल संगंच दबून राहिले. दोघंबी दबले, तं कोन कोनाले धरीन? हे माह्या ध्यानातच नाई आलं तवा." आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "माह्या इज्जतीसाठी तू त्या टॉवरखालच्या लेकरायले इसरली?"

मी रडले. त्यांनी मला रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी सर सेठजींसमोर उभे राहिले. मोहगावचंच ड्रॉइंग वापरून आणखी दोन टॉवर उभे होते. तिन्हींना कमरेपाशी आडवे अँगल बसवायला हवेत आणि तोवर एकही नवा अँटेना चढवायचा नाही, असं पत्र टॉवरवाल्या कंपनीला जायला हवं होतं, चूक कोणाची ते लिहून. सेठजी कासावीस झाले. "सर, इतकी वर्षं उभा आहे ना तो? कशाला स्वतःच्या हाताने नाव खराब करता?"

"उभा हाये, कारन ते वारं अजून आलं नाई," सर म्हणाले. "पत्रावर सही माही राहीन."

पत्र गेलं. कंपनीने पुढचे काही महिने आमचं प्रत्येक काम दुसऱ्याकडून तपासून घेतलं आणि तिथल्या पोरसवदा इंजिनिअरांनी सरांना फोनवर पुष्कळ शिकवलं. सर "हो साहेब" म्हणत ऐकून घ्यायचे. माझाच जीव जळायचा. अँगल मात्र बसले, तिन्ही टॉवरांना. आणि सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं, असं सेठजींनी विचारलं तेव्हा सरांनी क्षणभरही विचार केला नाही. "ज्यानं मले खोटं पाडलं, ते घ्या."

त्र्याऐंशीची ती चिठ्ठी त्यांनी लाल पेन्सिलीने खोडून टेबलाच्या काचेखाली ठेवली. नवं गिऱ्हाईक आलं की आधी तीच दाखवायचे. मला ते मुळीच आवडत नसे.

पुढे छातीच्या दुखण्याने सर घरी बसले. एका दुपारी मी भेटायला गेले तेव्हा उशाला टेकून बसले होते. आवाज बारीक झाला होता, पण प्रश्न तोच. "काय करून राहिली आता?"

"सर, पांढुर्ण्याकडचा नवा टॉवर. माझी चिठ्ठी सत्तर म्हणते, कॉम्प्युटर अठ्ठ्याऐंशी."

"मंग इथं कायले आली?"

मी हसले. ते हसले नाहीत. मी उठले आणि ऑफिसला परत आले. दिवेलागणीपर्यंत शोधलं. टॉवरवरून वर जाणाऱ्या केबलींवरही वारा आदळतो. तो मी माझ्या आकड्यात धरलाच नव्हता.

मी फोन लावला. काकूंनी तो सरांच्या कानाशी धरला. चारच दिवसांनी सर गेले, त्यामुळे आमचं बोलणं ते शेवटचंच ठरलं.

"कोन खोटं निंगालं?" त्यांनी विचारलं.

"मी, सर."

"बरं झालं, पोरी," ते म्हणाले. "आता घरी जा."