नांदायला गेलेली माती

लेकीला सासरी धाडताना ढसाढसा रडणारे बाप मी पुष्कळ पाहिलेत. पण शेतातली माती पुरानं वाहून गेल्यावर "लेक नांदायला गेली" म्हणून गावभर पेढे वाटणारा बाप या पृथ्वीतलावर एकच होऊन गेला, आणि तो आमच्या सौभाग्यवतीच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता. म्हणजे आमचे साडूबुवा. दोघी बहिणी एकाच गावात दिलेल्या, आणि योगायोग असा की शेतंसुद्धा एकाखाली एक. माझं वर, उतारावर, तांबूस मुरमाड मातीचं. त्यांचं खाली, ओढ्याकाठी, काळंभोर, वाफशावर आलं की लोण्यासारखं. मी सांगलीला टपाल कचेरीत कारकून आणि रविवारचा शेतकरी. साडूबुवा कुपवाडला एका कारखान्यात लेथवर आणि उरलेल्या वेळात शेतकरी, पण त्यांचा उरलेला वेळ लेथवरसुद्धा चालूच असे.

त्यांच्या गोष्टी मी आजवर कितीतरी मांडवांत सांगितल्या. पंगतीला अवकाश असला की कोणीतरी म्हणतंच, "आण्णा, साडूबुवांचं होऊन जाऊ द्या." मी सांगतो, लोक पोट धरून हसतात. त्यात खोटं काही नाही. फक्त एक वाक्य मी दर वेळी गाळत आलो. या वयात सांगितलेलं विसरायला होतं आणि गाळलेलं तेवढं लख्ख आठवतं. म्हणून या खेपेला तेही सांगणार आहे. पण आधी हसून घ्या. साडूबुवांनाही तेच आवडलं असतं.

साडूबुवा माती खायचे. चोरून नव्हे, राजरोस. चिमूटभर जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि वैद्यानं नाडी सांगावी तसा निकाल द्यायचा. "ही वांग्याची." "हिला उसानं लय पिळलीया, हिला जरा इसावा द्या." कारखान्यात जाताना त्यांच्या डब्याच्या वरच्या कप्प्यात भाजी, मधल्यात भाकरी आणि तळच्या कप्प्यात माती असायची, कुठल्या तरी पाव्हण्याच्या शेतातली, दुपारच्या सुट्टीत निवांत तपासायला. एकदा एका सोबत्यानं न विचारता तो तळचा कप्पा ओढला, कारळ्याची चटणी समजून त्यात भाकरीचा तुकडा चांगला दाबून बुडवला आणि तोंडात घातला. त्याचा चेहरा बघून साडूबुवांनी काळजीनं विचारलं, "का वं? मीठ कमी पडलं का?"

त्यांचा निकाल नेहमी बरोबर यायचा असं मुळीच नाही. माधवनगरच्या रस्त्याला एका नव्या घराचं काम चाललं होतं. तिथल्या ढिगातली माती चाखून यांनी मोपेड आडवी लावली आणि गवंड्याला दम भरला, "ही आमच्या ओढ्याची मळी हाय. कुणाला इचारून आणली?" गवंडी शांतपणे म्हणाला, "आवं, ती संडासाच्या टाकीच्या खड्ड्यातली हाय. जुन्या." त्यानंतर आठवडाभर साडूबुवा नुसत्या लवंगा चघळत होते.

आता तो पूर. नव्वद साल उलटून गेलं होतं. परतीचा पाऊस भरदुपारी असा काही कोसळला की समोरचा माणूस दिसेना. साडूबुवांच्या शेताच्या खालच्या अंगाला एक ताल होती. ताल म्हणजे माती अडवायला घातलेला दगडामातीचा बांध. त्यांच्या वडिलांनी स्वराज्य आल्यानंतरच्या काळात ओढ्यातले धोंडे पाठीवरून वाहून ती रचलेली. चाळीस वर्षं तिनं ढेकूळसुद्धा खाली जाऊ दिलं नव्हतं. त्या दुपारी ती मधोमध फुटली, आणि तासाभरात निम्म्या शेताची काळी माती ओढ्यात गेली. खाली पिवळा मुरूम उघडा पडला, जावळ काढलेल्या पोराच्या टाळूसारखा. सगळं गाव बघायला जमलं. कुणीतरी विचारलं, "अशी कशी फुटली वं?" आणि मीच मोठ्यानं म्हणालो, "ताल कच्ची झालेली. बघितलं न्हाई येळेवर." गावानं माना डोलावल्या.

तर गाळलेलं वाक्य हे. ताल कच्ची नव्हती. त्या वर्षी मी ट्रॅक्टरवाल्याच्या सांगण्यावरून उसाच्या सऱ्या उताराला आडव्या न पाडता वरून खाली सरळ सोडल्या होत्या. आडव्या पाडल्या की वळणं फार, डिझेल फार, आणि माझा रविवार एकच. माझ्या शेतातलं सगळं पाणी त्या सरळ सऱ्यांनी पन्हाळीतून पडावं तसं साडूबुवांच्या तालीवर जाऊन आदळलं. लोक पांगल्यावर साडूबुवा माझ्या बांधावर चढले, सऱ्यांकडे बघत उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "सऱ्या लय सरळ पडल्यात की, साडूबुवा. पाण्याला इसावाच न्हाई कुठं." मी म्हणालो, "ट्रॅक्टरवाला ऐकत नाही हो." ते "व्हय, त्ये बी खरंच," म्हणाले आणि चपला झटकून खाली उतरले. ताल कशानं फुटली हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि मी तर काढणारच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मोपेडवर मला मागं बसवलं. म्हणाले, "चला, तपास करून यिऊ." ओढ्याच्या कडेकडेनं, मिळेल तिथं उतरून माती चाखत आम्ही दोन गावं खाली गेलो. तिथं ओढ्याच्या वळणावर एका शेतात काळ्या गाळाचा जाड थर पसरला होता, आणि त्या गाळात, निळा कारखान्याचा सदरा घातलेलं, साडूबुवांचं स्वतःचं बुजगावणं उताणं पडलेलं होतं. आता चाखायची गरज नव्हती. तरी त्यांनी चाखलीच.

शेताचा मालक, चांगला गलमिशावाला म्हातारा, काठी घेऊन धावत आला. "कोण रं तुमी? आन् माती काय चाटताय?"

साडूबुवांनी हात जोडले. "पाव्हणं, आमची लेक तुमच्यात आलीया."

म्हाताऱ्याची काठी गळाली. तो घाबरून घराकडे बघत म्हणाला, "आवं, आमचा धाकटा तसला न्हाई वं. कालपास्नं तर गोठ्यातच हाय त्यो."

"तसं न्हवं. ही माती आमची. काल दुपारी निघाली, सांजंला तुमच्यात पोचली. आन् त्यो बघा, करवली म्हणून आमचा गडी बी संगं आलाय." त्यांनी बुजगावण्याकडे बोट दाखवलं.

म्हातारा बघत राहिला, मग बांधावर बसून मिशा हलेपर्यंत हसला. त्यानं घरातून पाण्याचा तांब्या मागवला. साडूबुवा दोन पावलं मागं सरले. "न्हाई वं व्याही. लेकीला मूलबाळ हुईस्तवर तिच्या घरचं पाणी चालत न्हाई आमाला." म्हाताऱ्यानं तांब्या परत पाठवला, कारण रीत ती रीत. मी मात्र पाणी प्यायलो. मला कुठं ठाऊक होतं की त्या रितीचा माझ्याशीही संबंध येणार आहे.

परत येताना त्यांनी पेढे घेतले. "स्थळ चांगलं मिळालं," ते घरोघर सांगत होते. "पाण्याची सोय हाय, दारात म्हस हाय, सासरा हसरा हाय." आमची मेहुणी दारात कपाळाला हात लावून उभी होती. शेताचं निम्मं काळीज गेलं होतं आणि नवरा पेढे वाटत होता. पण पेढा तिनंही खाल्ला.

मग सोयरीक अशी काही रंगली की खऱ्या व्याह्यांनी खाली बघावं. त्यांच्या जत्रेचं आवतण आलं नाही म्हणून साडूबुवा रुसले. व्याही स्वतः फेटा घेऊन समजूत काढायला आले. दिवाळीत साडूबुवा फराळाचं डबडं घेऊन तिकडं जायचे, पाण्याचा थेंब न घेता परत यायचे. आणि पहिला उन्हाळा लागताच त्यांनी डाव टाकला. "व्याही, पैल्या वर्सी लेक माहेरपणाला धाडायची असती." म्हातारा पुरता अडकला. त्यानं स्वतःच्या ट्रॅक्टरनं एक ट्रॉली माती भरून पाठवली, वर खण-नारळ ठेवून. साडूबुवांनी धोंडे पुन्हा रचले, तालीचं खिंडार त्या मातीनं बुजवलं आणि तिच्यावर वाळ्याचं गवत लावलं. उघड्या मुरमासाठी मात्र काही उरलं नाही. "तेवढं एक अंग झाकायचं राहिलंय," ते म्हणायचे. गाव म्हणायचं, काळी माती काय दुकानात मिळते?

महिना झाला आणि व्याही फावडी घेतलेल्या दोन गड्यांसह ट्रॉली घेऊन तालीवर हजर. मीही तिथंच होतो.

"व्याही, माहेरपण झालं. लेक घालवा आता."

"घालवली असती वं," साडूबुवा हळू आवाजात म्हणाले. "पण तिला दिवस गेल्यात."

म्हाताऱ्यानं वाकून बघितलं. वाळ्याला बोटभर हिरवे फुटवे आले होते. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं, आणि शपथेवर सांगतो, अतिशय गंभीरपणे विचारलं, "कितवा?"

"दुसरा लागलाय."

"पहिलटकरीण?"

"व्हय."

"मंग हितंच व्हायला पायजे," म्हातारा म्हणाला आणि गड्यांवर खेकसला, "आरं बघता काय, फावडी ट्रॉलीत टाका!" पंधरा दिवसांनी त्याची म्हातारी हिरवी चोळी घेऊन डोहाळजेवणाला आली. तालीवर चोळी पसरून ठेवली, कडेनं पुरणपोळ्या. एक पोळी कुत्र्यानं नेली, ती सोडली तर सगळं यथासांग झालं. ती माती काही परत गेली नाही.

तिथून पुढं साडूबुवांनी आहेरात भांडी द्यायचं बंद केलं. मांडवात ओल्या गोणपाटात गुंडाळलेला वाळ्याचा ठोंब घेऊन यायचे. "भांड्याला पोचे पडत्यात. ह्याची मुळी पुरुषभर खाली जाती." माझ्या लेकीच्या लग्नातही दिला. मी तो न्हाणीच्या सांडपाण्यावर टाकून दिला. तिथं तो माजला.

आणि आमच्याकडे त्यांची एक नवी खोड सुरू झाली. दर हिवाळ्यात ते वांगी घेऊन यायचे, काटेरी, जांभळी, हिरव्या देठाची. वर्षातून एकदा हमखास, "सऱ्या आडव्या घेतल्या तर बरं हुईल, साडूबुवा," असं म्हणायचे. मी ट्रॅक्टरवाल्याचं नाव सांगायचो. ते मान डोलवायचे आणि जाताना म्हणायचे, "येतू, व्याहीबुवा." मी चिडून म्हणायचो, "अहो, मी साडू तुमचा!" त्यावर ते नुसते हसायचे. मला वाटायचं, व्याही म्हणायची जिभेला सवय लागली असेल. वांग्यांची पिशवी माझ्या पुढ्यात सरकवून ते आणखी एक वाक्य बोलायचे, "खावा, खावा. आता चालतंय तुमाला."

साडूबुवा गेले. कारखान्यातून येऊन अंगणात बसले आणि तसेच गेले, फार कुणाला त्रास न देता. दिवसकार्य उरकल्यावर मेहुणी म्हणाली, "दाजी, वांगी काढायची हाईत, येताय का?" इतकी वर्षं वांगी खाल्ली, पण ती कुठं लागतात हे बघायला मी खाली कधी उतरलो नव्हतो. बांधावरून त्या तालीकडे बघायची मला लाजच वाटायची.

ताल आता दिसत नव्हती. वाळ्याची दाट भिंत उभी होती, कमरेच्या वर. आणि तिच्या आत, जिथं पिवळा मुरूम उघडा पडला होता तिथं, काळ्या शेताला ठिगळ लावावं तसा मातीचा पट्टा होता. गुडघाभर खोल. त्यात वांगी लगडली होती. माती तांबूस होती.

मी वर माझ्या शेताकडे बघितलं, सरळ सऱ्यांकडे. मग खाली.

मेहुणी वांगी तोडत होती. वर न बघताच म्हणाली, "ताल बुजवल्यावर पैल्या पावसाळ्यातच आली की ती. ह्यांनी मला तवाच सांगितलं, दाजींची लेक आपल्यात नांदाय आलीया, आता तिला जपायची. आन् वांगी लागली तवा म्हणलं, नातवंड झालं, आता दाजींना खायाला हरकत न्हाई."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगायचं कशाला? दर वर्सी मान आणून देत हुते की तुमच्या दारात."

गेल्या पावसाळ्याआधी मी सऱ्या आडव्या पाडून घेतल्या. ट्रॅक्टरवाला कुरकुरला, तर त्याला म्हणालो, वळण घेताना माझ्या नावानं शिव्या दे, पण वळ. न्हाणीमागचा तो ठोंब खणून काढला, फोडला आणि बांधावर ओळीनं लावला. दिवाळीत फराळाचं डबडं आणि एक हिरवी चोळी घेऊन खाली गेलो. तांबड्या मातीवर चोळी ठेवली तशी मेहुणी तांब्याभर पाणी घेऊन आली. मी सवयीनं हात पुढं केला, आणि माझ्या मागं कुणीतरी दोन पावलं सरकून उभं आहे, हात जोडून, हसत, असं वाटलं.

पाणी प्यायलो. आता चालतंय.