पगारी रजेवरचा पंखा

कपडे शिवणाऱ्या कारखान्यात, इस्त्रीच्या खोलीत, तिची हयात गेली. कॉलरवरून तिचा हात फिरला की सुरकुती जणू तिथं कधी नव्हतीच. बायका तिला वाफाताई म्हणत. बोलणंही तसंच, फार वेळ कोंडून न राहणारं.

त्या खोलीतली वाफ बाहेर ओढणारा पंखा उन्हाळाभर बंद पडला होता. सुपरवायझरला सांगून सांगून जीभ झिजली. त्याचं एकच उत्तर, "बघतो." शेवटी वाफाताईनं पंख्याचा फोटो काढला. पात्यांमध्ये कोळ्यानं ऐसपैस जाळं विणलं होतं. तिनं तो फोनच्या स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, 'आमचा पंखा पगारी रजेवर आहे.'

आता त्या कारखान्याची एक रीत होती. नवी बाई आली की इस्त्री हातात द्यायच्या आधी तिला शिकवायचं, आपलं स्टेटस सुपरवायझरला दिसणार नाही असं करून ठेव. वाफाताईनंही ठेवलं होतं. पण सुपरवायझरनं नुकताच नंबर बदलला. तिनं नवा नंबर फोनमध्ये घेतला आणि त्याच्यापासून स्टेटस लपवायचं विसरली.

दुपारी मॅनेजरबाईंचं बोलावणं आलं.

"कंपनीची बदनामी केलीत तुम्ही. ते खोटं होतं असं स्टेटसला लिहा. नाहीतर उद्यापासून दुसरं काम बघा."

घर वाफाताईच्या एकटीच्या पगारावर उभं होतं.

"बाई, फोटो काढून टाकते. पण खोटं कसं म्हणू? पंखा बंदच आहे."

"सकाळपर्यंत विचार करा."

तिनं खोलीत येऊन सगळं सांगितलं. बटणं लावणारी तिची मैत्रीण म्हणाली, "मेले, जगाला लपवायला शिकवलंस आणि स्वतःच उघडी पडलीस होय!"

सगळ्या खळखळून हसल्या. मग हसू विरलं. मैत्रिणीनं फोन काढला, तोच फोटो स्वतःच्या स्टेटसला ठेवला आणि म्हणाली, "आता मी त्याच्यापासून लपवत नाही गं." मग दुसरीनं तसंच केलं. मग शिलाईच्या खोलीतल्यांनी. संध्याकाळी सुपरवायझर फोनवर बोट सरकवत होता आणि दर वेळी तेच जाळं पुढं येत होतं.

सकाळी मॅनेजरबाई स्वतः इस्त्रीच्या खोलीत आल्या. चष्मा पांढरा झाला. पुसला, पुन्हा झाला.

"रोज असंच असतं?"

"आज त्यातल्या त्यात बरं आहे," मैत्रीण म्हणाली.

बाईंनी तिथूनच वायरमनला बोलावलं. मग वाफाताईकडे वळल्या. "काही लिहू नका. पण पुढच्या वेळी आधी मला सांगा."

"सांगेन की. पण तुम्हीही 'बघतो' म्हणालात तर?"

"मग लिहाल, दुसरं काय," बाई तुटक बोलल्या, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

कामावरून काढतील म्हणून वाफाताईनं सकाळी हजेरीच लावली नव्हती. ती दाराशी गेली, घामेजला अंगठा नीट पुसला आणि हजेरीच्या यंत्रावर ठेवला.